पांगाऱ्याची वई

शिमग्याच्या आधी पंधरा-वीस दिवस आमच्या वाडीची वरची हद्द लाल होते. पान एक नसतं. नुसत्या करड्या फांद्या, आणि त्यांच्या टोकांना वाघनखांसारखे वाकडे, शेंदरी-लाल घोस. सकाळी साळुंक्या, कावळे, बुलबुल, कोतवाल सगळे त्या घोसांत चोची खुपसून बसलेले असतात आणि मध्येमध्ये शिंजिरांची चिवचिव. खालच्या रस्त्यावरून मालवणला जाणाऱ्या गाड्या थांबतात, माणसं उतरून फोटो काढतात, कुणी वर येऊन विचारतं, एवढी झाडं एका ओळीत कुणी लावली हो?

मुंबईतली नोकरी संपवून मी 2014 साली गावी आलो. तेव्हापासून या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. आमच्या आजोबांनी लावली, झाडांची फार हौस होती त्यांना.

ते उत्तर खोटं होतं. ते खोटं आहे हे मला ठाऊकही होतं, कारण ती झाडं लावली तेव्हा खुंटे धरून मीच उभा होतो.

पांगारा लावायला अक्कल लागत नाही. मे महिन्याच्या शेवटी मनगटाएवढ्या जाडीच्या, पुरुषभर उंचीच्या फांद्या तोडायच्या, चार दिवस सावलीत टाकून चीक-पाणी सुकू द्यायचं आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की हातभर खड्ड्यात उभ्या करून माती घट्ट चोपायची. पाणी घालावं लागत नाही, खत लागत नाही. फक्त बुडाशी पाणी तुंबलं तर खुंटा कुजतो. श्रावणात त्याला डोळे फुटतात, दुसऱ्या वर्षी तो झाड म्हणवून घेतो. कोवळ्या सालीवर काळे, टोकदार काटे असतात, त्यामुळे गुरं अंग घासत नाहीत. खुंट्यांच्या मधून बांबूच्या चिवा आणि शिरडं बांधली की झाली जिवंत वई. मेलेल्या लाकडाची वई दरवर्षी नवी घालावी लागते, वाळवी खाते. पांगाऱ्याची एकदा घातली की दोन पिढ्या बघायला नको. वर मिरीचा वेल चढवता येतो, पाला तोडून माडांच्या आळ्यात टाकता येतो. जळाऊ म्हणून मात्र हे लाकूड निकामी, नुसतं धुमसतं. पण हलकं, पांढरं, कोरायला मऊ. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं, खेळणी याच लाकडाची करत आले आहेत.

1964 च्या मृगात आजोबांनी असे बेचाळीस खुंटे लावले. मी नऊ वर्षांचा. माझं काम खुंटा सरळ धरायचं. आजोबा पहारीच्या बोथट टोकाने माती चोपायचे आणि एक डोळा मिटून ओळ बघायचे. ओळ सुरेख आली होती. ती आमच्या हद्दीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मध्ये कुठेही थांबली नाही.

हे शेवटचं वाक्य कोकणाबाहेरच्या माणसाला कदाचित लागणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे वई घातली की तिच्यात बेडं ठेवतात. दोन खांबांना भोकं पाडायची आणि त्यांत बांबू आडवे सरकवायचे. गुरं अडतात, माणूस बांबू बाजूला करून जातो. वई गुरांसाठी असते आणि बेडं माणसांसाठी. आमच्या वईला बेडं नव्हतं.

वरच्या घरातून एक पायवाट आमच्या वाडीतून विहिरीवर यायची. विहीर आमची, पण पाणी सगळ्यांचं. वाट किती जुनी ते कुणाला सांगता आलं नसतं. मधल्या जांभ्याच्या दगडाला पावलांनी खळगा पडला होता, तो अजून आहे. त्या वर्षी वरच्या घरातली म्हैस आमच्या वालीच्या वाफ्यात शिरली, एका रात्रीत वाफा साफ. त्याच्या आदल्या वर्षी हद्दीवरच्या फणसावरून बोलाचाली झालेली. आजोबांनी वई घालायचं ठरवलं. म्हैस अडवायची तर वई हवीच, यात चूक काही नाही. पण म्हैस अडवायला बेडं बंद करावं लागत नाही.

आजोबा देवभोळे होते. कुणाला पाण्याला नाही म्हणायचं नाही, हे पाप, असं ते मानायचे. वरच्या घरातलं माणूस निरोप घेऊन आलं तेव्हा त्यांनी पडवीतून सांगितलं, "पाण्याक मी नाय म्हणूचंय नाय. विहीर तुमका मोकळी. वाट मात्र माझी." मला ते उत्तर तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. घाटी उतरून, व्हाळाच्या कडेकडेने, खालच्या बाजूने या आणि हवं तेवढं पाणी न्या. पाप नाही, पुण्यही शाबूत, आणि वाट बंद.

कायद्याने काय झालं असतं? पुढे नोकरीत कागदपत्रांशी संबंध आला तेव्हा मी ते बघून ठेवलं. वीस वर्षं बिनहरकत वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क तयार होतो, हे 1882 च्या कायद्यात आहे. कुणी अशी वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालयाच्या कायद्याखाली अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांत. म्हणजे त्यांनी दाद मागितली असती तर वई उपटावी लागली असती, असं माझं मत आहे. दाद कुणी मागितली नाही. मागणार कोण? वरच्या घरातले दोघेही बाप्ये मुंबईला गिरणीत. घरात म्हातारी सासू आणि त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली सून. तिला मामलेदार म्हणजे कोण हे ठाऊक नव्हतं, आणि नव्या सुनेने शेजाऱ्याशी भांडण काढायचं नसतं एवढं ठाऊक होतं. सहा महिने गेले. मग वर्षं गेली. 1975 साली गिरणीच्या पैशांतून त्यांनी स्वतःची विहीर खणली, तेव्हा तिचं आमच्याकडे येणं थांबलं.

ती सून म्हणजे वरच्या घरातली काकी. आज ती ऐंशीच्या घरात आहे.

तीन वर्षांपूर्वी पुण्याचं एक कुटुंब फोटो काढायला वर आलं होतं. मी नेहमीचं उत्तर दिलं, आजोबांना झाडांची हौस वगैरे. वईपलीकडे काकी उकड्या भाताचं वाळवण राखत बसली होती. ती मंडळी तिच्याकडे वळून म्हणाली, आजी, तुम्ही भाग्यवान, दरवर्षी ही फुलं बघायला मिळतात तुम्हाला. काकी हसली. ती मंडळी गेल्यावर मला म्हणाली, "अकरा वर्सा मी हेच्या बाजून पाणी व्हायलंय. डोक्यार हांडो, कमरेर कळशी. मान वर करून फुला कशी बघतलंय?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा होता असंही म्हणवत नाही. एखादी अडचण सांगावी तसं तिने ते सांगितलं. हंडा डोक्यावर असला की मान वर होत नाही.

त्या रात्री मी एक उद्योग केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच जुन्या वाटेने तिच्या दारापासून विहिरीपर्यंत पावलं मोजली (वईतून कसाबसा घुसून, पाठ खरचटून). एकशे चाळीस. मग घाटीच्या बाजूने मोजली. सहाशे दहा. एका बाजूचा फरक चारशे सत्तर पावलांचा, जाऊन-येऊन नऊशे चाळीस. दिवसाला पाच खेपा धरल्या, कारण घरात म्हैस होती. पावसाचे चार महिने सोडून दिले, तेव्हा दाराशी पन्हळ लावून भागतं. अकरा वर्षांचे उरलेले दिवस, पावलाला दोन फूट. हिशेब साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास आला. आमच्या इथून मुंबई पाचशे किलोमीटर. ती बाई आमच्या वईपायी पंधरा वेळा मुंबईला चालत गेली असती. तिचा नवरा तिथेच होता, आणि वर्षातून एकदा गणपतीला यायचा.

आता प्रश्न असा, की या फुलांचं मी काय करायचं?

झाडाचा दोष नाही हे तर उघड आहे. आजोबांनी फुलांसाठी ती लावली नव्हती, त्यांना काटे हवे होते. फुलं ही त्या व्यवहारात न मागता आलेली गोष्ट. पण न मागता आली म्हणून ती आमच्या पदरात निर्मळ पडली का? वैराने केलेल्या कामातून काहीतरी सुंदर उगवलं, तर ते काम मागे जाऊन थोडं कमी वाईट होतं का? माझ्या एका मित्राचं म्हणणं, होतं. साठ वर्षं झाली, आजोबा गेले, वाटेची गरज संपली, उरलं ते फक्त सौंदर्य, मग उगाळतोस कशाला? हे ऐकायला गोड आहे. फक्त असा हिशेब नेहमी वईच्या आतला माणूस मांडतो.

आमच्याकडे सत्यभामेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. स्वर्गातलं झाड तिने हट्टाने आपल्या अंगणात लावून घेतलं आणि फुलं पडत राहिली रुक्मिणीच्या अंगणात. आपण ते झाड प्राजक्ताचं समजतो. अमरकोशात मात्र पारिजातक आणि मंदार ही नावं ज्या झाडाला दिली आहेत, तो पांगाराच असं जाणकार धरतात. हे वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. वाटलं, बघा, आमच्याही झाडाची फुलं शेजारणीच्या अंगणात पडतातच की. मग लक्षात आलं, की रुक्मिणीला कुणी लांबच्या वाटेने पाण्याला लावलं नव्हतं.

माझी पुतणी इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला राहते. तिच्या घरामागे हॉथॉर्नचं झाड आहे, लाल दुहेरी पाकळ्यांचं, खास बागेसाठी वाढवलेल्या जातीचं. मे महिन्यात ते फुललं की ती फोटो पाठवते. काटे तेही बाळगून आहे. मागे एकदा तिने छाटणीबद्दल विचारलं होतं. मी म्हटलं मला तुझ्या झाडातलं काय कळणार, पण तिने तिकडे विचारून जे सांगितलं ते ऐकून गंमत वाटली. तेही जुन्या फांदीवर फुलतं, दरवर्षी सगळीकडून कातरत राहिलं तर फुलंच धरत नाही. छाटायचं ते फुलून गेल्यावर, हलक्या हाताने. पांगाऱ्याचं असंच आहे. मार्गशीर्ष-पौषात फांदी तोडली की त्या वर्षी त्या बाजूला शिमगा कोरडा.

तिच्याकडूनच पुढचंही कळलं आणि मग मी ते वाचत गेलो. तिथल्या गावांभोवतीची हॉथॉर्नची कुंपणं आज लोकांच्या जिवाभावाची आहेत. पक्षी त्यांत घरटी करतात, हिवाळ्यात त्यांची लाल फळं खातात, आणि शेताकडेचं जुनं कुंपण उपटायचं तर 1997 च्या नियमांप्रमाणे आधी परवानगी काढावी लागते. पण त्यांतली पुष्कळशी लावली गेली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, पार्लमेंटने कायदे करून गावांची गायरानं आणि मोकळी रानं वाटून टाकली तेव्हा. ज्यांची एखादी गाय त्या रानावर जगत होती, सरपण तिथून येत होतं, त्यांच्यासमोर काट्यांची रोपं ओळीने उभी राहिली. त्याच भागातल्या हेल्पस्टन गावचा जॉन क्लेअर नावाचा कवी होता, शेतमजुराचा मुलगा. त्याच्या गावच्या वाटणीचा कायदा 1809 सालचा. तो सोळा वर्षांचा असेल तेव्हा. रानातल्या फुलापाखरांवर त्याच्याइतकं बारकाईने लिहिणारे थोडे, आणि अडवलेल्या वाटांबद्दल त्याच्याइतकं दुखून लिहिणारेही थोडे. दोन्ही त्याच्या एकाच मनात होतं. त्याने फुलांवर राग काढला नाही आणि फुलांसाठी वाटा विसरलाही नाही.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की वई सुंदर होऊन बसण्याचा प्रकार फक्त आमच्याच वाडीत झाला असं नाही. तिकडे त्याला इतिहास म्हणतात. आमच्याकडे ते भाऊबंदकीत जमा होतं.

मी काकीकडे गेलो. म्हटलं, तुम्ही सांगाल तर सगळी वई तोडतो. हे बोलताना मला आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटत होतं, हेही कबूल करतो. ती तांदूळ पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "आता कित्याक तोडतंस? पाणी घरात येता. आणि त्या झाडान काय केल्यान?"

मी माफीही मागितली. ती म्हणाली, चाय घेतंस?

मला वाटतं ती माफी फार स्वस्तातली होती. आजोबांच्या वतीने मागायला मला कुणी वकीलपत्र दिलेलं नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या वतीने मागायची तर माझा गुन्हा वेगळा होता. मी नऊ वर्षांचा असताना खुंटे धरले, त्याबद्दल कुणी मला धरणार नाही. पण साठीच्या पुढे मी परक्या माणसांना हौसेची गोष्ट सांगत होतो, तीही ज्या बाईने ती वई डोक्यावर वाहिली तिच्या कानांवर पडेल अशा आवाजात. हौस म्हटलं की वईला न ठेवलेलं बेडं दिसेनासं होतं. फुलं सुंदर आहेत असं म्हणणं खोटं नव्हतं. ती हौसेने लावली हे खोटं होतं, आणि त्या खोट्याचा धनी मी.

तेव्हापासून कुणी विचारलं की सांगतो, शेजाऱ्यांची वाट अडवायला लावली होती. माणसं जरा ओशाळतात, काही जण हसतात. एका गृहस्थाने फोटो पुसून टाकला की काय कोण जाणे, पण मोबाइल खिशात घातला. मला तसं काही नको होतं. फोटो काढायला माझी ना नाही.

त्याच पावसाळ्याआधी मी जुन्या वाटेवरचे दोन पांगारे तोडले आणि बेडं ठेवलं. जांभ्याचे दोन खांब, तीन बांबू. खळग्याच्या दगडावरची माती काढली. घरातल्यांनी विचारलं, या बेड्याने येणार कोण? प्रश्न बरोबर होता. वर्षभर त्यातून कोंबड्या गेल्या, एक भटकं कुत्रं गेलं. गावात थोडी चर्चाही झाली, की आता वरचे लोक वहिवाट सांगतील, पुढे जमीन विकताना नडेल. सांगितली तर सांगू देत. ती वहिवाट त्यांचीच होती, साठ वर्षं उशिरा मिळाली असं म्हणायचं.

वईचं वयही झालंच आहे. मधल्या काळात पांगाऱ्यांवर एक बारीक गांधीलमाशी आली, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. 2005 च्या सुमारास ती केरळात दिसली आणि तिथून पसरत आमच्यापर्यंत पोचली. पानांच्या देठांत अंडी घालते, मग देठ सुजतात, पानं गाठीगाठींनी आवळून येतात, शेंडे मरतात. रोगट शेंडे तोडून जाळण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. बेचाळीसातले आता सतरा उभे आहेत. जुन्या झालेल्या बुंध्यांवर काटाही राहिलेला नाही. वय वाढलं की पांगाऱ्याचे बुडाकडचे काटे गळून साल गुळगुळीत होत जाते. माणसांचं तसं होतंच असं नाही, आजोबांचं झालं नव्हतं.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात काकीचा नातू बेड्यातून आला. त्या बेड्यातून आलेलं ते पहिलं माणूस. म्हणाला, "आजयेन सांगल्यान, तुमची एक फांदी आमच्या खळ्यार येता. फुला पडान भाताक डाग पडतत. तेवढी तोडून घेवा."

त्यांनी खळं आता वईपर्यंत वाढवलं आहे. ती फांदी मी बघितली. वईतल्या सगळ्यात जोमाच्या झाडाची, रोगातून वाचलेली, रस्त्यावरून पहिल्यांदा नजरेत भरायची ती तीच. टोकाला कळ्यांचे फुगीर डोळे दिसायला लागले होते. एवढी अजून दोन महिने राहू दे, फुलून गेली की तोडतो, असं सांगावं असं तोंडावर आलं होतं. छाटणीची रीतही तीच आहे, आणि ती मी त्या पोराला समजावूनही सांगितली असती.

कोयता घेऊन शिडी लावली. नातवाने खालून दोरी धरली. फांदी आमच्या बाजूला उतरवली, म्हणजे तिच्या वाळवणावर काही पडू नये. काकी खळ्यात उभी राहून वर बघत होती, डोळ्यांवर हात धरून, आणि कुठून तोडायची ते सांगत होती. आणखी खालून, आणखी खालून. मी आणखी खालून तोडली.

या शिमग्याला त्या बाजूला एकही फूल आलं नाही.